वाक्यकर्मानुयोग आणि अणिमाण्डव्य

कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या, म्हणजे कण्टकशोधन नांवाच्या अधिकरणांत आठवा अध्याय 'वाक्यकर्मानुयोग' या मथळ्याचा आहे. वाक्यानुयोग म्हणजे शब्दांनीं केलेली चौकशी, आणि कर्मानुयोग म्हणजे शरीराला पीडा देऊन केलेली चौकशी. म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांतील ताडपत्रांवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यावर विपुल लेखन झालें, परंतु या लहानशा अध्यायाच्या वांट्याला त्यांतील फारच थोडा विचार आला. ज्यांना प्राचीन भारतीयांच्या राज्यकारभाराचें वैभव दाखवावयाचें होतें त्यांनीं अध्यक्षांचीं खातीं, मंडलांचा सिद्धान्त व वेतनांचे आंकडे यांवर पानेंच्या पानें लिहिलीं, आणि फटक्यांच्या यादीपाशीं येतांच पान उलटलें. ज्यांना ग्रंथाचें क्रौर्य दाखवावयाचें होतें त्यांना ती यादीच पुरेशी वाटली. जर्मन पंडित माक्स वेबर यानें तर १९१९ सालच्या आपल्या व्याख्यानांत या ग्रंथाच्या तुलनेनें मॅकियाव्हेलीचा 'प्रिन्स' निरुपद्रवी ठरविला. हा अध्याय व त्याला लागूनच असलेला नववा अध्याय सलग वाचण्याचे श्रम मात्र दोन्ही पक्षांनीं सहसा घेतले नाहींत. ते घेतले असतां, राजाचा दंड ज्यांच्या हातीं प्रत्यक्ष असतो त्या रक्षकांना व तुरुंगाधिकाऱ्यांना किती बांधावें हा प्रश्न ग्रंथकारानें किती बारकाईनें हाताळला आहे, आणि त्यानें घातलेली मर्यादा नेमकी कोठें ढिली पडते, हें दोन्ही दिसूं लागतें.

अध्यायाचा आरंभ शब्दांच्या चौकशीनें होतो. ज्याचें धन गेलें तो मनुष्य समोर असतां, आणि बाहेरचे व आंतले असे दोन्ही प्रकारचे साक्षी हजर असतां, संशयिताला त्याचा देश, जाति, गोत्र, नांव, धंदा, संपत्ति, सोबती व राहण्याचें ठिकाण विचारावें. त्याचीं उत्तरें इतरांच्या सांगण्याशीं ताडून पाहावीं. मग आदल्या दिवशीं त्यानें काय केलें व पकडला जाईपर्यंत रात्र कोठें काढली, हें विचारावें. उत्तर जुळलें तर तो शुद्ध. न जुळलें तर तो 'कर्मा'ला पात्र. परंतु येथेंच दोन बंधनें येतात. तीन रात्री उलटल्यावर नुसत्या संशयावरून कोणाला धरूं नये, कारण मग विचारपूस निरर्थक होते. चोरीचीं उपकरणें सांपडलीं असतील तर मात्र हा नियम नाहीं. तीन रात्रींचा हिशेब व्यवहार जाणणाऱ्या माणसाचा आहे. गेल्या पंधरवड्यांतील अमुक एका संध्याकाळीं आपण कोठें होतों, हें या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं तरी किती जण शपथेवर सांगूं शकतील? दुसरें बंधन असें कीं, जो चोर नाहीं त्याला चोर म्हणणाऱ्यास चोराइतकाच दंड, आणि शुद्ध ठरलेल्याला अडकवून ठेवणाऱ्यास पूर्वसाहस, म्हणजे ४८ ते ९६ पणांचा दंड.

यानंतर ग्रंथकार एक इशारा देतो. जो चोर नाहीं असाही मनुष्य योगायोगानें चोरांच्या वाटेवर सांपडतो. त्याचा वेष, शस्त्र किंवा जवळची चीजवस्तु चोरांसारखी असल्यामुळें, अथवा चोरीच्या मालाजवळ आढळल्यामुळें, तो धरला जातो. उदाहरण म्हणून अणिमाण्डव्य. हा चोर नव्हता, पण पीडेच्या भयानें 'मी चोर आहें' असें म्हणाला. म्हणून पुरावा पुरा झालेल्या, 'समाप्तकरण' अशाच मनुष्याला दोषी धरावें, असा निष्कर्ष ग्रंथकार काढतो.

महाभारत वाचलेल्या कोणाही मनुष्याला येथें ठेंच लागावयास हवी. आदिपर्वांतील माण्डव्य काहीं बोललेलाच नाहीं. त्याचें मौनव्रत चालू आहे. चोर त्याच्या आश्रमांत माल लपवितात व स्वतःही लपतात. पाठलागावर आलेले रक्षक त्याला चोरांची वाट विचारतात. तो बरेंवाईट एक अक्षरही काढीत नाहीं. आश्रमाचा झाडा घेतल्यावर चोर व माल दोन्ही हातीं लागतात, संशय मुनीवर जातो, आणि राजाज्ञेनें तो चोरांबरोबर शूलावर चढतो. पुढें तो जिवंत राहतो, शूल निघेना म्हणून तो मुळाशीं कापतात, आणि शूलाचें अग्र, म्हणजे अणि, अंगांत घेऊन वावरणारा म्हणून अणिमाण्डव्य हें नांव पडतें. मग यमधर्माशीं वाद, बालपणीं किड्याला काडी टोंचल्याचा हिशेब, आणि धर्माला विदुराचा जन्म देणारा शाप. भांडारकर संस्थेसाठीं सुकथनकरांनीं संपादिलेल्या, १९३३ सालीं पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या चिकित्सित आवृत्तींतही मुनीचें हें मौन आहेच. वर्गांत ही कथा शिकवितांना मुलें दर खेपेस एकच प्रश्न विचारीत: मुनि बोलला कां नाहीं? त्या प्रश्नाला पोथ्यांतून मिळणारें उत्तर कर्मविपाकाचें होतें, रक्षकांच्या वर्तनाचें नव्हतें. कौटिल्याच्या माण्डव्यासंबंधीं मात्र तो प्रश्नच उरत नाहीं. तो बोलला, आणि काय बोलावें हें त्याला छडीनें सांगितलें.

हा फरक कसा पडला? कौटिल्यानें आपल्या सोयीसाठीं कथा वळविली असें म्हणण्याचा मोह होतो, परंतु त्याला एक अडचण आहे. नारदस्मृतींतही माण्डव्य येतो, आणि तेथें तो चोर नसतां व्यवहारानें, म्हणजे न्यायाच्या चौकशीनें, चोर ठरला एवढेंच सांगितलें आहे. विदुर, शाप, किडा यांचा मागमूसही नाहीं. यावरून प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, माण्डव्य हा धर्मशास्त्र्यांच्या व अर्थशास्त्र्यांच्या शाळांत एक ठरीव दृष्टान्त होता, आणि 'निर्दोषी मनुष्य दोषी कसा ठरतो' एवढ्याच कामासाठीं तो वापरला जाई. महाकाव्यानें त्याच्या तोंडावर मौन घातलें, कारण महाकाव्याला दैवाचा प्रश्न विचारावयाचा होता. मालाजवळ सांपडणें हा भाग दोन्हीकडे समान आहे. कबुली एकीकडेच आहे. ज्या शाळेनें हा दृष्टान्त कबुलीसह जतन केला तिला कोठडींतल्या कबुलीचें मोल काय हें ठाऊक होतें, असें अनुमान करण्यास हरकत दिसत नाहीं.

इतकें समजलेल्या ग्रंथकारानें पुढें काय करावें? आजचा वाचक अपेक्षा करील कीं, त्यानें कर्मानुयोगच काढून टाकावा. तो तसें करीत नाहीं. समाप्तकरणाचा नियम सांगून होतांच तो कोणाला पीडा देऊं नये याची यादी देतो: ज्याचा अपराध क्षुद्र आहे तो, बालक, वृद्ध, रोगी, मद्यानें धुंद झालेला, वेडा, भूक, तहान किंवा प्रवास यांनीं थकलेला, अति जेवलेला, ज्यानें आपण होऊन कबूल केलें आहे तो, आणि दुर्बल. पुढें 'आप्तदोष' मनुष्याला मात्र कर्म करवावें असें सांगतो, पण त्यांतूनही गर्भिणी व प्रसूत होऊन महिना न झालेली स्त्री वगळतो. इतर स्त्रियांना अर्धें कर्म किंवा केवळ शब्दांची चौकशी. सर्वसाधारण व्यवहारांत चारच प्रकार: सहा दंडप्रहार, सात चाबूक, दोन तऱ्हांनीं वर टांगणें आणि पाण्याची नळी. घोर अपराध्यांसाठीं ही संख्या अठरापर्यंत जाते. त्यांचें वर्णन येथें उतरवून घेण्याची आवश्यकता नाहीं. प्रत्येक कर्म एक दिवसाआड करावें. साधनें, त्यांचीं मापें व मारण्याची रीत 'खरपट्ट' नांवाच्या ग्रंथावरून समजून घ्यावी असा निर्देश आहे. हा खरपट्ट आज उपलब्ध नाहीं. तो गेल्याबद्दल हळहळणारा संग्राहक मला अद्याप भेटावयाचा आहे.

सगळा कस 'आप्तदोष' या शब्दावर आहे. शामशास्त्र्यांनीं त्याचा अर्थ 'ज्याचा दोष खरा असल्याचा विश्वास वाटतो तो' असा घेतला आहे, आणि व्याकरणदृष्ट्या त्याला बाध येत नाहीं. परंतु मग ज्याचा दोष आधींच पटला त्याला पीडा कशासाठीं? शिक्षा म्हणून म्हणावें तर शिक्षांचे अध्याय पुढें वेगळे आहेत. पुरावा मिळविण्यासाठीं म्हणावें तर माण्डव्याच्या दृष्टान्तानें तो पुरावा आधींच खोटा पाडला आहे. मला एवढीच संगति लागते कीं, ग्रंथकाराला पीडेचा उपयोग सिद्ध झालेल्या गोष्टीवर कबुलीची मोहोर उठविण्यापुरता हवा आहे. तिच्यावाचून खटला उभा राहूं शकला पाहिजे, हा त्याचा आग्रह. बलप्रयोगाची गरज जेथें कमीत कमी तेथेंच त्याला परवानगी, असा हा विचित्र पण विचारपूर्वक बांधलेला नियम आहे. त्याचें वैगुण्यही येथेंच आहे. दोष 'आप्त' झाला कीं नाहीं हें ठरविणारा कोण? कण्टकशोधनाचें काम तीन प्रदेष्टे किंवा तीन अमात्य यांच्याकडे दिलें आहे, आणि हेच पकडणार, हेच विचारणार, हेच विश्वास ठेवणार. आपल्या संशयावर विश्वास न बसलेला अधिकारी जगांत दुर्मिळ.

या दोषाची जाणीव ग्रंथकाराला असावी, कारण त्यानें पुढचा सारा नववा अध्याय अधिकाऱ्यांवरच्या दंडांना दिला आहे. चालू विषयाच्या दृष्टीनें अर्थशास्त्राचा सर्वांत मोलाचा भाग हाच होय, असें मी समजतों. वादींना दटावणारा किंवा गप्प बसविणारा न्यायाधीश दंडाला पात्र. बोललेलें न लिहिणारा व न बोललेलें लिहिणारा लेखक दंडाला पात्र. नसता शारीर दंड देणाऱ्या अधिकाऱ्यानें तोच शारीर दंड स्वतः भोगावा किंवा त्याच्या निष्क्रयाच्या दुप्पट द्यावें. मग कोठडीची पाळी येते. अडकविलेल्या मनुष्याचें निजणें, बसणें, जेवणें किंवा मलमूत्रविसर्जन यांना अडथळा केल्यास तीन पणांपासून तीन-तीननें चढत जाणारा दंड, आणि तो करणाऱ्याला व करविणाऱ्याला अशा दोघांनाही. बंधनागाराच्या अध्यक्षानें न कळवितां बंदी हलविला तर २४ पण. त्याच्याकडून काम करून घेतलें तर दुप्पट. जागा बदलली किंवा अन्नपाणी तोडलें तर ९६. छळ केला किंवा लांच उकळली तर मध्यमसाहस. आणि बंदी मारला तर १००० पण.

'करणारा व करविणारा' ही जोडी आठव्या अध्यायांतही आहे. विद्वान् ब्राह्मण व तपस्वी यांना पीडा न देतां त्यांच्यावर गुप्त पहारा ठेवावा, असें सांगून हा नियम मोडणाऱ्या व मोडविणाऱ्या दोघांनाही उत्तमसाहस दंड सांगितला आहे, आणि पीडेंत मनुष्य मेला तरी तोच. हुकूम देणारा व हुकूम पाळणारा यांना एकाच वाक्यांत, एकाच विभक्तींत उभें करणारी ही रचना लहान दिसते. परंतु 'वरून आज्ञा होती' हें शिपायाचें उत्तर आणि 'माझ्या माणसानें अति केलें' हें अधिकाऱ्याचें उत्तर, दोन्ही तिनें एकदमच बंद होतात. ब्राह्मणाला पीडेपासून दिलेली सरसकट सूट मात्र न्यायाच्या कोणत्याही तत्त्वांत बसत नाहीं. जी मर्यादा बालकाला व रोग्याला त्यांच्या अवस्थेमुळें लाभते ती येथें जन्मामुळें लाभते, आणि यादीच्या तर्काशीं ती विसंगत आहे.

आतां त्या १००० पणांविषयीं. पांचव्या अधिकरणांतील वेतनांच्या तक्त्यांत सर्व अध्यक्षांचें वेतन, जें सामान्यतः वार्षिक समजलें जातें, १००० पणच आहे, प्रदेष्ट्याचें ८०००. म्हणजे कोठडींत मनुष्य मारल्यास अध्यक्षाचें एका वर्षाचें वेतन जातें, प्राण जात नाहीं. याच अधिकरणाच्या अकराव्या अध्यायांत भांडणांत मनुष्य मारणाऱ्या सामान्य माणसाला क्लेशपूर्वक वध सांगितला आहे. रस्त्यावरच्या खुनाला देहदंड आणि कोठडींतल्या खुनाला धनदंड, हा भेद ग्रंथकाराच्या नजरेंतून निसटला असेल असें मला वाटत नाहीं. इतका काटेकोर मनुष्य एवढ्या मोठ्या अंतराकडे डोळेझांक करणार नाहीं. त्यानें तो जाणून ठेवला आहे. राजाला अध्यक्षांची गरज होती.

सैनिकांच्या बाबतींत तर एवढेंही नाहीं. किल्ला घेतांना पडलेला, पाठ फिरविलेला, शरण आलेला, केस मोकळे सुटलेला, शस्त्र टाकलेला, भयानें विरूप झालेला आणि न लढणारा यांना अभय द्यावें, असें तेराव्या अधिकरणांत आहे; मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांतील यादी याहूनही लांब असून तिच्यांत निजलेला, नग्न आणि नुसता पाहणारा यांचीही सोय आहे. रणांगणावरची ही यादी व कोठडींतली वरची यादी शेजारीं ठेवल्या असतां दोहोंचें सूत्र एकच दिसतें: समोरच्याचा प्रतिकार संपला कीं बळाचा अधिकारही संपला. पण रणांगणावर ती मर्यादा मोडणाऱ्याला किती पण, हें तेथें सांगितलेलें नाहीं. मनूच्या योद्ध्यापुढें धर्म आहे, पण राजदंड नाहीं. शिवाजीमहाराजांचें चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलें प्रसिद्ध पत्र या बाबतींत पुढचें पाऊल मानावें लागेल. रयतेचा दाणा, गवत, लांकूडफाटा जबरीनें घेणाऱ्यांना तें नुसता उपदेश करीत नाहीं, परिणामांची स्पष्ट ताकीद देतें.

अर्थशास्त्राचा आधार, उत्तरेकडची एक त्रुटित पोथी सोडली तर, दाक्षिणात्य लिप्यांतील ताडपत्रेंच होत. कामन्दकानें त्याचा संक्षेप केला तेव्हां कण्टकशोधन गाळूनच टाकलें. राजांना शिकविण्यासारखा भाग ठेवला आणि राजपुरुषांना आंवरणारा भाग सोडला, ही निवड बोलकी आहे. पुण्याच्या दफ्तरांशीं परिचित असलेल्या वाचकांना याचा अर्थ १७९१ सालाकडे पाहून कळेल. त्या वर्षीच्या ऑगस्टांत शहरकोतवाल घाशीराम यानें चोरीच्या संशयावरून धरलेल्या तैलंग ब्राह्मणांना एका कोंदट जागेंत अडकवून ठेवलें आणि त्यांपैकीं वीसांहून अधिक माणसें गुदमरून मेलीं. अन्नपाणी तोडल्याचे ९६ पण आणि मारल्याचे १००० पण, असा आधीं ठरलेला हिशेब त्याच्यापुढें कोणी मांडला नाहीं. क्षुब्ध जमाव जमला, नाना फडणीसांना त्याला स्वाधीन करावें लागलें, आणि ३१ ऑगस्टला तो दगडांनीं ठेंचला गेला. या अंताला न्याय म्हणणारे पुष्कळ आहेत. मोरोबा कान्होबांच्या १८६३ च्या पुस्तकापासून विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकापर्यंत त्याची आठवण मराठींत ताजी आहे. तथापि कोतवालाच्या अधिकाराला कोणतेंही लेखी बंधन या दगडांनीं घातलें नाहीं. मेलेले ब्राह्मण नसते तर तो जमाव जमला असता काय, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे.

माण्डव्याचा धडा कायद्यांत यावयाला बराच काळ लागला. मद्रास इलाख्यांतील छळांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ सालीं आला. पुढें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमानें पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमांतही तो नियम कायम आहे. गंमत अशी कीं अपवादही जवळ जवळ तोच आहे: कौटिल्याच्या तीन रात्रींच्या नियमाला उपकरण सांपडण्याचा अपवाद, आणि येथें कबुलीमुळें वस्तु सांपडल्यास तेवढ्या भागाला मान्यता. ज्याला कोठड्यांचा अनुभव आहे तो सांगेल कीं मारझोड याच फटींतून आंत येते. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें १९९७ सालीं सही केली. तिला पक्की मान्यता अद्याप दिलेली नाहीं.

दंडाचे पैसे कोणाला मिळतात, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. चौथ्या अधिकरणाच्या शेवटीं, अदंड्याला दंड करणाऱ्या राजालाही तीसपट दंड सांगितला आहे. तो पाण्यांत वरुणाला अर्पण करावा व मग ब्राह्मणांना द्यावा. राजालाही न वगळणारें हें वचन मोठें खरें. परंतु ज्याला विनाकारण दंड झाला त्याला यांतला एक पणही मिळत नाहीं, आणि अध्यक्षाच्या १००० पणांतूनही मेलेल्या बंद्याच्या घरच्यांना काहीं द्यावें असें तेथें म्हटलेलें नाहीं. १९९३ सालीं ओरिसांतील एका मातेच्या अर्जावर, कोठडींत मेलेल्या तिच्या मुलासाठीं, सर्वोच्च न्यायालयानें सरकारकडून दीड लाख रुपये देवविले, तेव्हां हें गणित प्रथमच उलट बाजूनें मांडलें गेलें असें नव्हे, पण तत्त्व म्हणून तें ठसठशीतपणें सांगितलें गेलें. धनदंडाच्या पलीकडे जाऊन करविणाऱ्याला शोधून काढण्याचें काम मात्र तेथेंही मागेंच राहिलें.

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं मराठी आदिपर्वाच्या पोथ्या आहेत. मुक्तेश्वराच्या व मोरोपंतांच्या आदिपर्वांच्या जुन्या हस्तलिखितांतून, तसेंच कीर्तनकारांच्या आख्यानांच्या बाडांतून, माण्डव्याचा प्रसंग काढून पाहावा आणि तो रक्षकांपुढें गप्प राहतो कीं काहीं बोलतो, एवढें टिपून कळवावें. एखाद्या बाडांत जरी कबुली देणारा माण्डव्य सांपडला, तरी वर मांडलेल्या शाळेच्या दृष्टान्ताचा माग मराठींत लागेल. आणि पोथीचा लेखनकाल व लेखकाचें गांव हीं पुष्पिकेवरून सोबत उतरून घेतल्यास पुढचें काम सोपें होईल.